आंरिएत रेनिए : एका हार्पवादिकेची कारकीर्द



ज्या गुरुजींच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे नाव कोणत्याही मोठ्या संस्थेच्या अध्यापकांच्या यादीत सापडत नाही, आणि तरीही या गावात सुरात वाजणारी जी चार घरे आहेत त्यांतली तीन त्यांच्या शिकवणीची आहेत, हे आपण सर्व जाणता. चालकांनी मला विषय निवडण्याची मुखत्यारी दिली, तेव्हा एखाद्या थोर गवयाचे चरित्र सांगावे अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र आपणांस फ्रान्स देशी नेणार आहे, आणि तेही अशा एका वाद्याच्या निमित्ताने, की जे आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रात देवदूतांच्या हातीच पाहिले असेल. हे धाडस मी का करतो आहे, याचा खुलासा प्रथम करणे मला भाग आहे.

काही वर्षांपूर्वी मुंबईत एक परदेशी वाद्यवृंद आला होता. एका स्नेह्याच्या कृपेने मला दुपारीच रंगमंचावर शिरकाव मिळाला. कार्यक्रम सायंकाळी सातचा. आणि साडेचार वाजता त्या विस्तीर्ण, रिकाम्या मंचावर एकच व्यक्ती हजर होती, ती म्हणजे हार्प वाजवणारी बाई. वाद्य जुळवीत होत्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो न बसलो तोच पिस्तुलाचा बार व्हावा तसा आवाज झाला, आणि मी दचकून उठलो; त्यांनी मात्र केवळ एक उसासा सोडला. मधल्या सप्तकातली आतड्याची तात तुटली होती. त्यांनी पिशवीतून एक लिफाफा काढला, त्यातून नवी तात घेतली, तिच्या टोकाला गाठ मारताना गाठीत जुन्या जाड तातेचा एक बोटाच्या पेराएवढा तुकडा अडकवला, की जेणेकरून गाठ तबलीच्या भोकातून निसटून वर येऊ नये, आणि वाद्याच्या पाठीमागच्या झरोक्यातून हात घालून ती तात वर खुंटीपर्यंत नेली. हे सारे दोन मिनिटांत झाले. पण मुंबईच्या दमट हवेत नवी तात कुठली ऐकते! ती चढवावी आणि तिने उतरावे, पुन्हा चढवावी, पुन्हा उतरावे, असा प्रकार पुढे दीड तास चालला. हार्पवादकाचे अर्धे आयुष्य सूर लावण्यात जाते आणि उरलेले अर्धे बेसूर वाजवण्यात, अशी एक जुनी थट्टा वाद्यवृंदांत प्रचलित आहे. तिचा पूर्वार्ध तरी मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

त्यांच्यासमोरच्या घडवंचीवर एक जीर्ण, कडा झिजलेले पुस्तक उघडे होते. त्यावर ग्रंथकाराचे नाव छापलेले होते: एच. रेनिए. मी सहज विचारले, की हे रेनिए कोण गृहस्थ? त्यांनी माझ्याकडे पाहिले, हसल्या आणि म्हणाल्या, "गृहस्थ नव्हेत. बाई होत्या." माझ्या त्या अज्ञानाचे प्रायश्चित्त म्हणूनच आजचे हे व्याख्यान समजावे.

परंतु बाईंकडे जाण्यापूर्वी वाद्याची थोडी ओळख हवी. हे वाद्य आपणांस परके आहे असे मी म्हटले ते अर्धसत्य होते. आपल्या मावळातल्या भाजे येथील लेण्यांत, हत्तीवर आरूढ झालेल्या ज्या पुरुषाला कित्येक पंडित इंद्र मानतात त्याच्या शिल्पपटात, एक नर्तकी आहे आणि तिच्या सन्निध धनुष्याकृती वीणा वाजवणारी एक आकृती आहे. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यावरही तो सम्राट मांडीवर असलीच धनुष्याकृती वीणा घेऊन बसलेला दिसतो. प्राचीन ग्रंथांतली 'वीणा' पुष्कळदा हीच होय. पुढे भोपळ्यांच्या व पडद्यांच्या वीणेने तिची जागा घेतली आणि आपल्याकडून ती नाहीशी झाली. ब्रह्मदेशात ती अद्यापि 'सौंग' या नावाने नांदते आहे. म्हणजे एकाच कुळातली ही भावंडे. एक पूर्वेकडे राहिले, दुसरे युरोपात जाऊन खांब लावून उभे राहिले.

तो खांब महत्त्वाचा आहे. आजच्या हार्पला सत्तेचाळीस तारा असतात, त्यांचा एकत्रित ताण जवळजवळ एक टनाचा. तो पेलण्यासाठी खांब हवाच. पण हा खांब आतून पोकळ असतो, आणि त्यातून सात सळया खालच्या सात पेडलांपासून वरच्या वक्र मानेपर्यंत गेलेल्या असतात. डाव्या पायाकडे तीन पेडल, उजव्या पायाकडे चार. दर स्वराला एक. पेडल वर असले की तो स्वर कोमल, एका खाचेत दाबले की शुद्ध, दुसऱ्या खाचेत दाबले की तीव्र, आणि तेही एकाच तारेचे नव्हे, तर त्या नावाच्या सर्व सप्तकांतल्या सर्व तारांचे. सात पेडलांच्या तीन-तीन जागा, म्हणजे एकंदर 2187 तऱ्हा होतात. प्रेक्षकांना दिसतात ते वरचे हात; खाली पाय एखाद्या मागावरच्या विणकराप्रमाणे अखंड चाललेले असतात. ही दुहेरी खाचेची युक्ती सेबास्तियां एरार या कारागिराने सिद्ध करून 1810 साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. त्यापूर्वीचे एकेरी खाचेचे वाद्य हे राजवाड्यातले आणि दिवाणखान्यातले भूषण होते. राणी मारी आंत्वानेत ते वाजवीत असे, आणि मोझार्टने 1778 साली बासरी व हार्प यांसाठी जो प्रसिद्ध काँचेर्तो रचला, तो एका ड्यूकसाठी व त्याच्या मुलीसाठी. कुलीन मुलीने बसावे, हात शोभून दिसावेत, आणि लग्नानंतर वाद्य खोळीत जावे, एवढीच त्या वाद्याची सनद होती.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पॅरिसच्या सरकारी कॉन्झर्व्हेटरीत 1825 साली हार्पचा वर्ग उघडला, आणि त्यावर नादरमान नावाच्या गृहस्थांची नेमणूक झाली. नादरमान यांच्या घराण्याचा स्वतःचा हार्पचा कारखाना होता आणि तो एकेरी खाचेचे वाद्य करी. साहजिकच, जगात दुहेरी खाचेचे वाद्य गाजत असता सरकारी वर्गात मात्र एकेरीची वहिवाट चालू राहिली. विद्येच्या दरबारात दफ्तराचे आणि दुकानाचे हितसंबंध कसे शिरतात, याचा हा पहिला दाखला. दुसरा दाखला हाच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

आंरिएत रेनिए हिचा जन्म पॅरिसमध्ये 18 सप्टेंबर 1875 रोजी झाला. वडील चित्रकार होते आणि गायकही. ती पाच वर्षांची असता नीस शहरी एका संगीतसभेत तिने आल्फोन्स हासेलमान्स यांचे हार्पवादन ऐकले, आणि आपण शिकू तर यांच्यापाशीच, असे घरी येऊन जाहीर करून टाकले. पाच वर्षांच्या पोरीचे असले निश्चय घरची मंडळी हसण्यावारी नेतात. या घरी निश्चय मान्य झाला, पण निसर्गाने अडवले. वाद्य मुलीच्या दुपटीने उंच. हात कसेबसे पोचावेत तर पाय लोंबकळत राहावेत, आणि पेडलावाचून हे वाद्य म्हणजे सुरांचे कुंपण! आठव्या वर्षी शिक्षण सुरू झाले तेव्हा बापाने त्यावर तोड काढली: पेडलांना जोडायचे वाढीव तुकडे त्याने स्वतः तयार केले, की ज्यायोगे मुलीचे पाय त्यांवर टेकावेत. कुंचला धरणाऱ्या त्या माणसाने मुलीच्या पायाची लांबी मोजून ते तुकडे बेतले असतील, ती मधूनमधून वाढली म्हणजे पुन्हा बेतले असतील. कलावंताच्या चरित्रात प्रतिभेविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र या ओढूनताणून लांबवलेल्या पेडलांविषयी अधिक जिव्हाळा वाटतो.

दहाव्या वर्षी ती कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाली, आणि वर्षभरातच स्पर्धेच्या दिवशी श्रोत्यांनी तिला पहिले इनाम मिळावे असा गलका केला. संचालक आंब्रवाज तोमा यांनी मात्र दुसरे इनाम सुचवले. यात कृपणता नव्हती. पहिले इनाम म्हणजे शिक्षणाची समाप्ती आणि पेशात पदार्पण; एवढ्याशा मुलीला इतक्या लवकर बाहेर कसे काढावे, ही त्यांची विवंचना. पुढच्या वर्षी, 1887 साली, अकराव्या वर्षी, पहिले इनाम तिला द्यावेच लागले. बाराव्या वर्षी तिच्याकडे शागीर्द येऊ लागले, आणि त्यांतले कित्येक वयाने तिच्या दुपटीचे होते. एवढ्या वयाच्या गुरूसमोर बसून मोठ्या स्त्रीपुरुषांनी बोटे कशी ठेवायची हे मुकाट्याने ऐकले असेल, तो प्रसंग मनाशी आणून पाहा.

ते शिक्षण काय असे, हे दोन वाक्यांत सांगतो. हार्पवर करंगळी निरुपयोगी, आखूड आहे म्हणून; उरलेली चार बोटे तारेवर आधी टेकवायची, मग छेडायची, आणि छेडल्यावर ती तळहातात मिटायची. बोट हवेत तसेच राहिले तर आवाज पातळ होतो, मिटले तर भरीव. आणि हे सारे नखाने नव्हे, पेराच्या मांसल भागाने, म्हणून पेरांना घट्टे पडतात. वादकाने आठ दिवस सुट्टी घेतली तर घट्टे मऊ होतात आणि पुन्हा बसल्यावर फोड येतात. आपल्याकडे सतारियाच्या बोटावरची रेघ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगणे नको.

आता 1901. या वर्षी रेनिएबाईंनी आपला सी मायनरमधला काँचेर्तो पुरा केला आणि लामुरू संगीतसभेत, कामिय शवियार यांच्या नेतृत्वाखाली, तो स्वतः वाजवला. पंचवीस वर्षांची स्त्री, स्वतःची रचना, पाठीशी संपूर्ण वाद्यवृंद, आणि पुढे ते वाद्य, ज्याला वाद्यवृंदात आजवर स्वप्नदृश्य किंवा नृत्याची सुरुवात एवढेच काम मिळत आले होते. बेर्लिओझने हार्पला मेजवानीच्या नृत्यात बसवले, चायकॉव्हस्कीने फुलांच्या नाचाच्या दारात उभे केले. पण दार उघडून दिल्यावर तिने बाजूला व्हायचे अशी वहिवाट होती. रेनिएबाईंनी ती मोडली. वाद्यवृंद आणि हार्प समोरासमोर उभे राहू शकतात, हे त्या सभेने पॅरिसला पटवले. याच सुमारास त्यांनी ल्कोंत द लील याच्या एका कवितेवरून 'लेजांद' ही रचना केली. एक घोडेस्वार रात्री अरण्यातून आपल्या वाग्दत्तेकडे निघाला आहे, वाटेत यक्षिणींचा नाच चालला आहे, त्यांची राणी त्याला थांबवू पाहते, तो थांबत नाही, ती त्याच्या हृदयाला बोट लावते, आणि पुढे त्याला दिसते ती वाग्दत्तेची पांढरी छाया. ही सारी कथा एकट्या हार्पवर सांगायची! आजही ज्या वादकाला स्वतःची पारख करून घ्यायची असते तो या रचनेपाशी येतो. मी ती ध्वनिमुद्रिकेवरच ऐकली आहे, आणि माझे मत आहे की घोड्याची दौड जितकी खरी वाटते तितका शेवटचा शोक वाटत नाही. पण हे परक्या कानाचे मत, त्याला तेवढीच किंमत द्यावी.

त्या काळी पॅरिसात हार्पच्या दोन कारखान्यांचे युद्ध जुंपले होते, तेही ओझरते सांगितले पाहिजे. प्लेयेल कंपनीने पेडल काढून टाकले आणि तारांच्या दोन रांगा एकमेकींना छेदून जातील असे अठ्ठ्याहत्तर तारांचे वाद्य बाजारात आणले. त्यासाठी डेब्युसीकडून 1904 साली दोन नृत्ये लिहवून घेतली. एरार कंपनी गप्प कशी बसणार? तिने 1905 मध्ये राव्हेलकडून आपल्या पेडलवाद्यासाठी रचना लिहवून घेतली. कारखानदारांच्या चुरशीतून साहित्य जन्माला आले, आणि गंमत अशी की डेब्युसीची ती नृत्ये आज पेडलच्या हार्पवरच वाजतात. अठ्ठ्याहत्तर तारांचे वाद्य संग्रहालयात गेले.

आणि मग 1912 साल उजाडले. कॉन्झर्व्हेटरीत हार्पचा वर्ग चालवणारे हासेलमान्स थकले होते, त्याच वर्षी ते वारले. त्यांच्या जागी रेनिएबाईंनी यावे ही त्यांची इच्छा होती असे चरित्रकार सांगतात, आणि योग्यतेचा विचार करता दुसरे नाव सुचावे अशी परिस्थितीही नव्हती. पण कॉन्झर्व्हेटरी ही सरकारी संस्था. नेमणुकीला सरकारी मंजुरी हवी. आता फ्रान्समध्ये 1905 साली धर्मपीठ आणि राज्य यांची कायद्याने फारकत झालेली, आणि रेनिएबाई तर उघडउघड निष्ठावंत कॅथलिक. त्यांची श्रद्धा आणि राजकीय मते ही प्रजासत्ताकाच्या दफ्तरात त्यांच्या विरुद्ध नोंदली गेली होती, असे सांगतात. नेमणूक झाली मार्सेल तुर्निए यांची. तुर्निए हे कमी प्रतीचे गृहस्थ नव्हते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांच्या रचना सुंदर आहेत आणि त्यांनी तो वर्ग पुढे 1948 पर्यंत सांभाळला. अन्याय झाला तो त्यांच्या हातून नव्हे.

आपण लगेच म्हणाल, स्त्री म्हणून डावलले. मामला इतका सरळ नाही. याच कॉन्झर्व्हेटरीत लुईझ फारांक या 1842 पासून तीस वर्षे पियानोच्या प्राध्यापिका होत्या. मात्र पुरुष सहकाऱ्यांइतके वेतन मिळावे म्हणून त्यांना कित्येक वर्षे झगडावे लागले, आणि त्यांची एक रचना फार गाजली तेव्हा कुठे ते मिळाले. म्हणजे दार स्त्रीला अगदीच बंद नव्हते. किलकिले होते, आणि किलकिल्या दारातून कोणाला घ्यायचे हे ठरवताना दुसरी कारणे हुडकणे दफ्तराला फार सोपे जाते. मला स्वतःला असे वाटते की पुरुष उमेदवाराच्या बाबतीत चर्चला जाणे हा दोष मानला गेला असता, पण क्षम्य. स्त्रीच्या बाबतीत दोन उण्या गोष्टींची बेरीज झाली. हा माझा तर्क आहे. त्याला कागदाचा आधार नाही.

बाईंनी अर्ज, तक्रार यांत वेळ दवडला नाही. 1914 साली त्यांनी स्वतःच्या नावाने हार्पची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. सरकारी इनाम देण्याचा अधिकार नाकारला गेला, तर आपण आपले इनाम ठेवू! त्याच वर्षी महायुद्ध पेटले. त्या काळात त्यांनी गरजू कलावंतांसाठी एक छोटी पेटी चालवली. देणाऱ्याचे नाव न कळता पैसे घरपोच जावेत अशी तिची व्यवस्था होती. वाद्यवृंदनायक तोस्कानिनींनी त्यांना अमेरिकेसाठी करार देऊ केला तोही त्यांनी आजारी आईला सोडून जाता येत नाही म्हणून परत केला, असे चरित्रात नमूद आहे. 1926 च्या सुमारास ध्वनिमुद्रिका झाल्या, त्या हातोहात खपल्या, पण ते काम त्यांना मानवले नाही.

खरी कारकीर्द घरच्या शिकवणीत घडली. मार्सेल ग्राँजानी आठव्या वर्षी त्यांच्यापाशी आला, तेराव्या वर्षी कॉन्झर्व्हेटरीचे पहिले इनाम घेऊन गेला, आणि पुढे न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड विद्यालयात 1938 पासून 1975 साली मृत्यू येईपर्यंत शिकवीत राहिला. अमेरिकेच्या मिल्ड्रेड डिलिंग याही त्यांच्याच शिष्या. आणि डिलिंगबाईंनी चित्रपटांतला तो मुका विनोदवीर हार्पो मार्क्स यालाही धडे दिले. म्हणजे गुरुपरंपरेने पाहिले तर त्या विदूषकाचा सूरही या भाविक पॅरिसकर बाईंपर्यंत पोचतो. हासेलमान्स यांचा दुसरा शिष्य कार्लोस साल्झेडो हाही अमेरिकेत गेला आणि त्याने कोपरे उंच, बाहू जमिनीला समांतर, अशी वेगळी बैठक रूढ केली. ग्राँजानीची मंडळी रेनिएबाईंची मोकळी, खाली सोडलेली बैठक जपत राहिली. एका गुरूच्या दोन शाखा, दोन घराणी, आणि एकमेकांच्या कोपरांवरून कुजबुज! आपण ग्वाल्हेर, किराणा म्हणत भांडतो तेव्हा पश्चिमेकडे असले काही नसावे अशी आपली समजूत असते.

दुसऱ्या महायुद्धात, शत्रूच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये बसून, प्रकाशक लदुक यांच्यासाठी त्यांनी हार्पशिक्षणाचा संपूर्ण ग्रंथ लिहिला. तो दोन भागांत 1946 साली निघाला. बोट कसे टेकवावे येथपासून पेडल आवाज न करता कसे बदलावे येथपर्यंत सारे त्यात आहे. ज्या शासनाने वर्ग दिला नाही त्यानेच 1954 साली लीजन ऑफ ऑनर दिले. तेव्हा बाई एकोणऐंशीला टेकल्या होत्या. 1955 च्या अखेरीस त्यांनी एका सभेत 'लेजांद' वाजवली, आणि ही आपण पुन्हा वाजवणार नाही असे सांगितले. 1 मार्च 1956 रोजी त्या वारल्या. त्यांची धर्मकन्या फ्रान्स्वाज हिने पुढे त्यांचे चरित्र लिहिले.

मुंबईतल्या त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर व्हायोलिनवाले आपापल्या पेट्या मिटून गेले, बासरीवाले तर केव्हाच गेले होते. मंचावर पुन्हा त्या बाई आणि त्यांचे वाद्य. ती नवी तात शेवटपर्यंत टिकली, असे त्यांनी मला हसून सांगितले. मग त्यांनी एकेक करून सातही पेडल वर घेतले, वाद्य ठेवताना ताण कमी राहावा म्हणून तसे करतात. गोधडीसारखी जाड खोळ वरून चढवायची, तर दोन्ही हात लागतात. चाळीस किलोंच्या आसपासचे ते धूड हलवायला चार माणसे आणि गाडा येईपर्यंत, त्यांनी रेनिएबाईंचे ते झिजलेले पुस्तक मिटले, इकडेतिकडे पाहिले, आणि ते धरायला माझ्या हाती दिले.